परसातली झाडे आणि बियांचा डबा: गोव्यातल्या घरबागेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यात आमचे घर. मागे वीस-बावीस पावलांचा परस, पुढे तुळस, बाजूला विहीर. बरीच वर्षे मी बियाणे साठवते, वाटते आणि त्याबरोबर न मागितलेले सल्लेही वाटते. देवळात, बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. प्रश्न दोन तऱ्हेचे असतात: कधी काय पेरायचे, आणि कोणत्या झाडापासून पोरांना, गुरांना जपायचे. मला हे दोन प्रश्न फारसे वेगळे वाटत नाहीत. परसातले जालीम विष बऱ्याचदा बीमध्येच साठलेले असते. आणि ती झाडे रानातून चालत आलेली नसतात, आपणच लावलेली असतात, पुष्कळदा देवाच्या फुलांसाठी.

मिरग लागला की सगळेच पेरायचे ना?

नाही. मिरगाला भात पेरतात म्हणून तांबडी भाजीही (लाल माठ) पेरणारे दरवर्षी भेटतात, आणि दरवर्षी जुलैत बी मागायला परत येतात. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या माऱ्यात नाजूक पालेभाजी टिकत नाही. शेतकरी सरद (पावसाळी) आणि वायंगण (हिवाळी) असे दोन हंगाम मानतो. परसातही तेच धरा: सरदात वेल, भेंडी, कंद, मिरची, आणि दिवाळीनंतर वायंगणात पालेभाज्या, वांगी, टोमॅटो, मुळा, अळसांदे (आपली टपोरी चवळी). मार्च ते मे हा तिसरा काळ. तो पाण्याच्या भरवशावर.

पावसाळ्यात नेमके काय लावू?

काकडी (आमची तवशी), दोडका, पडवळ, कारले, भोपळा, चिबूड, भेंडी, मका. हळद, आले, सुरण, अळू यांचे कंद मे अखेरीस, एखादी वळवाची सर पडून गेली की मातीत घाला. वेलांना मांडव आधी बांधा. वेल वाढल्यावर पावसात भिजत मांडव बांधणे म्हणजे मुंज झाल्यावर जानवे शोधण्यासारखे.

जांभ्या मातीत पाणी लवकर निचरते हे खरे, पण वाफा सपाट असला तर जुलैत तिथेही तळे होते. म्हणून पावसाळ्यात वाफा वीतभर उंच आणि उन्हाळ्यात सरी खोल. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर, त्याहून खाली नको. भेंडीचे बी रात्रभर भिजवा. कारल्याचे कवच जाड असते, टोकाकडे नेलकटरने किंचित कापून मग भिजवा. माझी कारली त्यामुळे आठवडाभर आधी उगवतात.

मिरचीची गोष्ट निराळी. काणकोणात खोल गावच्या डोंगरउतारावर मिरची पावसाच्याच पाण्यावर घेतात. त्या मिरचीला आता जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. पण तिथे उतार आहे, पाणी थांबत नाही. सपाट परसात मिरची लावायची तर उंच सरीवरच.

चतुर्थीला घरची भेंडी मिळायला हवी. कधी पेरू?

भेंडीला पेरल्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत पन्नासेक दिवस लागतात, तवशीला तेवढेच. चतुर्थीची तारीख बघा आणि दोन महिने मागे मोजा. दहा दिवस पावसासाठी हातचे ठेवा. खतखत्यात (चतुर्थीच्या मिसळभाजीत) काय काय घालायचे ते जूनमध्येच ठरवावे लागते, ऑगस्टात फक्त बाजाराचा रस्ता उरतो. भेंडी सात शिरांची, लांब, आपली गावठीच लावा. ती पावसात टिकते.

तांबडी भाजी पेरली, एकही बी उगवले नाही. बी खराब होते का?

बी खराब नव्हते, मुंग्यांनी नेले. एकदा सकाळी मी वाफ्याशी उकिडवी बसून बघितले. काळ्या, मोहरीच्या निम्म्या आकाराच्या चकचकीत बिया डोक्यावर घेऊन मुंग्यांची रांग विहिरीच्या कठड्याकडे चालली होती. वारुळाच्या तोंडाशी बियांचा छोटा काळा ढीग. वाफा अर्धा रिकामा झालेला. तेव्हापासून मी बी राखेत आणि बारीक मातीत कालवून फेकते, वर चाळणीने पातळ माती पसरते आणि वाफ्याच्या कडेने मूठभर तांदळाच्या कण्या टाकते. मुंग्या कण्यांत गुंततात. तीन-चार दिवसांत तांबूस रोपे दिसतात. ती एकदा दिसली की मुंग्यांचे काही चालत नाही. पंचवीस-तीस दिवसांत भाजी उपटायला येते.

पेरायचा काळ ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात हौस असेल तर पत्र्याच्या वळचणीखाली कुंडीत.

दिवाळीनंतरच्या भाज्यांची रोपे कधी करायची?

वांगी, मिरची, टोमॅटो यांचे बी सप्टेंबरात, छपराखाली, ट्रेमध्ये. चार-पाच आठवड्यांनी रोप बोटभर उंच आणि पेन्सिलीच्या शिशाएवढे जाड झाले की ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफ्यात. सप्टेंबरची हवा ओलसर असते. रोपे मातीलगत बारीक होऊन एका रात्रीत कोलमडतात ती जास्त पाण्यामुळे, खत कमी पडल्यामुळे नाही. ट्रेची वरची माती सुकलेली दिसल्याशिवाय पाणी घालू नका.

मुळा, कोथिंबीर, अळसांदे, वाल यांचे रोप करू नका, जागेवरच पेरा. धणे चपलेने हलके रगडून दोन फाका करा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. अळसांदे भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतात. आगशीची वांगी बाजारात बघून ज्यांना हेवा वाटतो, त्यांनी तिथली माती बघावी आणि मग आपल्या वाफ्यात शेणखत दुप्पट घालावे.

टोमॅटो फुलावर येतो आणि हिरवाच्या हिरवा सुकतो. पाणी तर घालतो!

हा जिवाणूजन्य मर रोग. आपल्या आम्ल, उष्ण, ओल्या मातीत तो घर करून बसला आहे. खात्री करायची असेल तर झाड उपटा, खोडाचा बोटभर तुकडा ब्लेडने कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टोकाशी बुडवून धरा, हलवू नका. मिनिटा-दोन मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरली की समजा. त्यावर फवारणी नाही. ते झाड जाळा, कंपोस्टात टाकू नका. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काहीच नको, मका किंवा पालेभाजी घ्या. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा वाण या रोगाला सहसा बळी पडत नाही. नाहीतर नवी माती भरलेली मोठी कुंडी, हा सगळ्यात सोपा उपाय.

उन्हाळ्यात काही पेरावे का?

पाणी असेल तर. तांबडी भाजी, दुधी, काकडी, चवळी. दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी, मुळाशी नारळाच्या सोडणांचे किंवा सुक्या पाल्याचे आच्छादन. टँकर मागवावा लागत असेल तर भाजी बाजारातून आणा, हिशेब जुळत नाही.

बियाणे कुठून घ्यावे? पाकिटावर काय बघावे?

तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात आधी चौकशी करा. जुने गोवे येथे एला फार्मवर केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आपल्या हवामानाचे वाण तिथे विचारा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची वेलभाज्यांची बियाणी आपल्याकडे छान येतात: कारल्यात ‘कोकण तारा’, पडवळात ‘कोकण श्वेता’, दोडक्यात ‘कोकण हरिता’. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी बी घेऊन बसणाऱ्या बायका असतात. त्यांच्याकडून घेताना कोणत्या गावचे आणि कोणत्या महिन्यात पेरतात हे दोन प्रश्न विचारा. उत्तर लगेच आले तर घ्या.

पाकिटावर चित्र बघू नका, चाचणीची तारीख बघा. बियाण्याची मुदत त्या तारखेपासून ९ महिने धरतात. शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात सात उगवल्या तर पेरा, तीन उगवल्या तर दुकानदाराशी भांडा. संकरित असे लिहिले असेल तर त्याचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, मूळ झाडासारखे येणार नाही.

पाकिटातल्या बिया गुलाबी, निळ्या का असतात?

बुरशीनाशक चोळलेले असते, थायरमसारखे. रंग मुद्दाम घातलेला, कोणी खाऊ नये म्हणून. पण तोच रंग पोरांना ओढतो. माझ्या भाचीच्या मुलाने मक्याचे गुलाबी दाणे बडीशेपेच्या गोळ्या समजून तोंडात घातले होते. दोनच दाणे, ते थुंकायला लावले, तोंड धुतले, डॉक्टरांना दाखवले, काही झाले नाही. चूक माझी, पाकीट जेवणाच्या टेबलावर मी ठेवले होते. असे बी हातमोजे घालून पेरा, हात साबणाने धुवा, उरलेले धुऊन रांधू नका आणि कोंबड्यांनाही घालू नका. धुतल्याने ते खाण्याजोगे होत नाही.

घरचे बी पावसाळ्यात बुरसते. डांबरगोळ्या घालू का?

खाण्याच्या वस्तूंजवळ तर मुळीच नको. डांबरगोळी पोराच्या पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काही मुलांत जन्मजात एका विकराची कमतरता असते, त्यांना तर थोडीही जड जाते. आणि गोळी दिसते पेपरमिंटसारखी.

आमची सासू तवशीचे बी राखेत घोळून भिंतीवर थापायची, आख्खी तवशी माडाच्या चुडतात बांधून आढ्याला टांगायची. कडधान्याच्या पेंढ्याच्या मुडी असत. चुलीचा धूर त्यांना कीड लागू देत नसे. आता चूल नाही, आढे नाही, स्लॅब आहे. म्हणून: बी मे महिन्यातच सावलीत कडक सुकवा, दाताखाली कट्ट वाजले पाहिजे (गुलाबी बी सोडून, हे सांगायला नको). काचेच्या बरणीत तळाला सुकी राख, वर कागदात बी, झाकण घट्ट, आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. चिठ्ठीवर नाव, साल, आणि खायचे की नाही ते मोठ्या अक्षरात. फुलझाडांच्या बिया भाजीच्या बियांच्या डब्यात ठेवू नका. याचे कारण पुढच्या प्रश्नात.

भाजीच्या वाफ्यात अनोळखी रोप आले. चवळईच असावी?

असावी या शब्दावर भाजी करू नका. एका वर्षी माझ्या माठाच्या वाफ्यात एक रोप जरा जास्तच टवटवीत होते. पहिली दोन पाने लांब, निमुळती, खरी पाने रुंद, कडेला ओबडधोबड. चुरगळून वास घेतला, उग्र, घशाशी येणारा. धोतरा. शंकराला वाहिलेली बोंडे निर्माल्यात, निर्माल्य कंपोस्टात, कंपोस्ट वाफ्यात. इतका सरळ रस्ता होता. पालेभाजी मुठीने कापली असती तर ते रोप सुरीखाली गेले असते.

धोतऱ्याने तोंडाला कोरड पडते, बुबुळे मोठी होतात, नाडी धावते, माणूस बरळायला लागतो, समोर नसलेली माणसे बघतो. पाने, फुले, बिया, सगळेच विषारी, बिया जास्त. निर्माल्यासाठी आता माझा वेगळा खड्डा आहे, आणि पालेभाजी मी मुठीने कापत नाही, निवडून उपटते.

म्हणजे देवाची फुले विषारी असतात?

सगळी नाहीत. जास्वंद, मोगरा, अबोली, झेंडू खुशाल लावा. पण चार झाडांकडे लक्ष असू द्या. धोतरा झालाच. कण्हेर, तांबडी काय नि पिवळी काय, हृदयाचे ठोके बिघडवते. पिवळीचे फळ, ज्याला बिट्टी म्हणतात, हिरवे, त्रिकोणी, आत कठीण बाठा. पोरे ते खेळायला घेतात आणि दगडाने फोडतात. त्यातला गर जिवावर बेततो. उकळून, सुकवूनही विष जात नाही, म्हणून कण्हेरीच्या काठीला कणीस टोचून भाजू नका आणि फांद्या शेकोटीत घालू नका. रुई मारुतीला शनिवारी लागते. तिचा चीक डोळ्यात गेला तर कधी कधी दुखत नाही, फक्त धूसर दिसते आणि माणूस दुर्लक्ष करतो. डोळा पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चौथी गुंज, ती देव्हाऱ्यापेक्षा दागिन्यांच्या डब्यात सापडते.

सोनाराची गुंज विषारी कशी? आजीकडे तर वाटीभर होत्या!

होत्या, आणि कवच शाबूत असते तोवर गिळलेली गुंज बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. चावली, फोडली किंवा माळेसाठी भोक पाडले की आतले ॲब्रिन मोकळे होते. भोक पाडलेल्या गुंजांचे दागिने पोरांच्या हाती देऊ नका. गिळलेली आहे की चावलेली हे घरी ठरवत बसू नका.

कुंपणाला मोगली एरंड आहे. काढावा का?

शाळेशेजारी, अंगणवाडीशेजारी असेल तर हो. गुरे खात नाहीत म्हणून पूर्वी कुंपणाला लावत. बी भुईमुगासारखे लागते, चवीला बरे, म्हणून एक पोरगे चार मित्रांना वाटते आणि पाचही जणांना जुलाब-उलट्या होतात. साध्या एरंडाच्या ठिपकेदार बिया त्याहूनही घातक, त्यात रायसिन असते. एरंडेल तेल औषध आहे म्हणजे बी औषध आहे असे नव्हे. कुंपणाला कढीपत्ता किंवा जास्वंद लावली तरी चालते की.

दुधी कडू लागला तर गूळ घालून भाजी करावी का?

फेकून द्या. मोह टाळा. कडू दुधीतले कुकुर्बिटासिन पोटाची आतून वाट लावते: रक्ताची उलटी, रक्तदाब खाली. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसे दगावली आहेत, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) तज्ज्ञ समितीनेही कडू रस टाकून द्यायलाच सांगितले आहे. कापल्यावर नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवा आणि थुंका. रस काढणाऱ्यांनी तर आधी हे करावेच, कारण लिंबू-पुदिन्यात कडवटपणा लपतो. दोडका, काकडी, घोसाळे यांनाही हाच नियम. अशा कडू फळाचे बी धरू नका, शेजारणीला देऊ नका.

अळूने घसा का खाजतो? आणि दिवाणखान्यातली डिफेनबेकिया?

दोघी एकाच कुळातल्या. पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात, जिभेत टोचतात. तेरे (पावसाळी रानअळू) शिजवताना आंबाडे, सोले, चिंच घालायची ती चवीपुरती नव्हे. डिफेनबेकियाचे पान पोराने चावले तर ओठ, जीभ सुजते, बोलता येत नाही, लाळ गळते. तोंड पुसा, गार पाणी किंवा दूध द्या. श्वास घ्यायला त्रास वाटला तर थांबू नका. मनी प्लांट त्याच कुळातला, जरा सौम्य.

काजूच्या दिवसांत हातावर फोड येतात.

काजूबीच्या टरफलातले तेल कातडी जाळते. बोंडू खा, पण कच्ची बी दाताने फोडू नका, भाजताना धुराकडे तोंड करू नका. बोंडूपासून बी पिळून काढायच्या आधी हाताला खोबरेल चोळा, नंतर साबण. आंब्याचा चीकही त्याच कुळातला, म्हणून मानकुराद देठ वर धरून न खाता आधी धुऊन, देठाचा चीक गाळून खावा. एवढा धीर मेमध्ये कोणाला असतो ती गोष्ट वेगळी.

माटोळीची फळे मुलांनी खाल्ली तर?

माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या फळाफुलांच्या चौकटीत, जे जे बांधतो ते ते खायचे नसते, हे पोरांना कोणी सांगतच नाही. नारळ, तोरिंगे, चिबूड शेजारी लालभडक कवंडळ लोंबते. ते दिसायला देखणे पण कडू आणि विषारी. घागऱ्यांच्या शेंगा खुळखुळतात म्हणून हातात घेतात, त्यांच्या बिया यकृताला वाईट. कळलावीचे ज्वाळेसारखे फूलही पुष्कळ ठिकाणी बांधतात. ते फूल ओळखा, कारण त्याचे सगळे अंग विषारी आहे आणि कंद सर्वांत जास्त. विसर्जनानंतर रानटी फळे परसात फेकू नका, पुढच्या पावसाला उगवतात.

रानातली अळमी (भूछत्रे), कंद परसात आले तर खाऊ का?

कारांदे, कणगी लावलेली असेल तर खा. आपोआप आलेला कंद नको: कळलावीचा कंद नांगरासारखा दुमडलेला असतो आणि तो कंद समजून माणसांनी खाल्ला आहे. रोयणीची अळमी वारुळावर येतात, देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. लॉनवर, शेणावर, कुजक्या लाकडावर उगवलेली पांढरी छत्री ही अळमी नव्हे. माहितगाराने काढून दिली तरच खा, आणि वारूळ खणू नका.

कुत्रा, मांजर, गाय यांना काय बाधते?

कुत्र्याला सायकस, जो बंगल्यांच्या दारात हौसेने लावतात. त्याच्या नारिंगी बिया कुत्रे चघळतात आणि यकृत निकामी होते. गुरांना घाणेरीचा पाला, त्याने कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. मांजराला फुलवाल्याकडची खरी लिली: फुलदाणीतले पाणी चाटले तरी मूत्रपिंडे जातात. आपल्या परसात पहिल्या पावसाला फुलणारी लिली वेगळी, तिने उलटी होते. डिसेंबरातले लाल ख्रिसमसचे झाड मात्र उगीच बदनाम आहे. त्याच्या चिकाने थोडी खाज, थोडी मळमळ, एवढेच.

सदाफुलीची पाने मधुमेहाला, बिमलीचा रस कोलेस्टेरॉलला घेऊ का?

सदाफुलीपासून कर्करोगाची औषधे काढतात, विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन. ती मोजून, शिरेतून, रक्त तपासत देतात. पाने चघळणे हा त्याचा पर्याय नव्हे. बिमलीचा वाटीवाटीने रस पिऊन केरळात लोकांची मूत्रपिंडे बंद पडल्याची वैद्यकीय नोंद आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर करमलही (स्टारफ्रूट) नको. आमटीत दोन बिमल्या घाला, लोणचे घाला, पण औषध म्हणून पेला भरू नका.

किडीवर घरगुती औषध चालेल ना?

लिंबोळी अर्क चालेल. तंबाखूचे उकळलेले पाणी नको, निकोटीन कातडीतून भिनते आणि ‘घरगुती’ या शब्दाने ते सौम्य होत नाही. विकतचे औषध घेतलेच तर डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. घरबागेत लाल-पिवळ्याचे कामच नाही. कोणतेही औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकी गोगलगाई येतात, त्या उघड्या हाताने उचलू नका, त्यांच्यातला कृमी मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाका. विषारी गोळ्या टाकल्या तर कुत्रा आधी खातो.

साप, डास?

पाचोळ्यात हात घालण्याआधी काठी घाला, गमबूट घाला. घोणस पाल्याच्या रंगाची असते. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा पालथ्या करा. डेंगीचा डास तिथेच अंडी घालतो.

पोराने काहीतरी खाल्लेच. आता?

बोट घालून उलटी काढू नका, मिठाचे पाणी पाजू नका. तोंडात उरलेले काढा, चूळ भरायला लावा. झाडाची फांदी, फळ, बी, जे असेल ते पिशवीत घ्या. उलटी झाली असेल तर तिचाही फोटो. किती वाजता, किती खाल्ले ते लिहून ठेवा, घाबरल्यावर आठवत नाही. १०८ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात न्या, तिथून गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पाठवतात. कण्हेर, बिट्टी, गुंज, एरंड, धोतरा, कळलावी यांपैकी काही असेल तर पोर खेळताना दिसले तरी न्या. गुंज, एरंडाची लक्षणे तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात.

मग ही सगळी झाडे तोडूनच टाकावी का?

आमची पिवळी कण्हेर अजून आहे. नातू रांगायला लागला तेव्हा नवरा कुऱ्हाड घेऊन निघाला होता, मीच अडवले. आता तिच्याभोवती कमरेएवढे चिऱ्याचे कुंपण आहे आणि फळ धरायच्या आत मी दर रविवारी कळ्या खुडते, देवाला त्याच लागतात. नातू पाच वर्षांचा आहे. कोणी पाहुणा झाडाशी गेला की तो ओरडतो, ‘आजी, बिट्टी!’